ती झोपलेली होती

आये, गेल्या शनिवारी तुझ्या पणतीला घेऊन आम्ही संध्याकाळी हॉटेलात जेवायला गेलो. पणती म्हणजे माझ्या लेकीची लेक. सात महिन्यांची आहे, खाली दोन दात आलेत, आणि कुणी स्वतःच्या तोंडात घास घातला की त्याच्याकडे अशी बघते की खाणाऱ्याला आपण चोर आहोत असं वाटावं. तुला जाऊन सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत मी तुझ्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, बहुतेक भाजी चिरताना, पण कागद कधी हातात घेतला नव्हता. आज घेतलाय. तुझा जावई साताऱ्याकडे भावकीतल्या लग्नाला गेलाय, कामोठ्याच्या या घरात दुपारी माझ्याशिवाय कुणी नाही, आणि शनिवारपासून मला नीट जेवण जात नाहीय. कारण तुला ठाऊक आहे. एका जुन्या संध्याकाळची गोष्ट आहे ती. ती खरी कशी घडली हे फक्त आपल्या दोघींनाच ठाऊक होतं, आणि आता माझ्या एकटीला.

आधी शनिवारपर्यंतचं सांगते. तुझी नात बाळंत झाल्यापासून घराबाहेर पडतच नव्हती. सीवूड्सला स्टेशनजवळ त्यांचा फ्लॅट आहे, खाली उतरलं की बाग, दुकानं, मॉल, सगळं हाताशी. पण ही बाळाला लस द्यायला दवाखान्यात जायची तेवढीच. पहिले दिवस मीच म्हणायचे, राहू दे, सव्वा महिना होऊ दे. मग तीन महिने झाले, पाच झाले. माझा जावई म्हणायचा, "चल ना, अर्धा तास. डोसा खाऊन येऊ." आणि ती म्हणायची, "हिनं तिथे भोकाड पसरलं तर? मी लहानपणी कशी होते माहितीय ना? माझ्या आजीला मी हॉटेलात एक घास खाऊ दिला नव्हता. ही माझ्यावरच गेली असणार." हे ती हसत म्हणायची. पण हसत हसत सात महिने घरात बसली. मध्ये एकदा मी न सांगता गेले तर बाळ चटईवर शांतपणे पालथं पडून आपल्याच हाताकडे बघत होतं, आणि ही खिडकीशी उभी, केस विंचरलेले नाहीत, कपातल्या चहावर साय आलेली. मला म्हणाली, "आई, मी तुला फार छळलं असेन ना गं?" मी म्हटलं, "काहीतरीच काय." त्याहून जास्त काही सांगायची ती वेळ होती. मी दुपट्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

ती जुनी संध्याकाळ मी पहिल्यापासून लिहिते, म्हणजे मधलं काही गाळायची सोय राहणार नाही. माझे सासरे निवृत्त झाले तेव्हा त्यांनी सगळ्यांना वाशीच्या एका मोठ्या हॉटेलात जेवायला बोलावलं. तोवर तू आणि ती माणसं एका टेबलाशी कधी बसला नव्हता. आपण गावठाणातली आगरी माणसं, ते साताऱ्याकडचे, ऐरोलीच्या सोसायटीत राहणारे. लग्नाला कुणी आडवं आलं नव्हतं, पण दोन्ही घरं एकमेकांशी जपून बोलायची, पाहुण्यांचे कप धरावेत तशी. बाप तर माझ्या दहावीतच गेला होता. तू एकटीच येणार होतीस. आणि आठ दिवस आधीपासून तू सगळ्या मासळीबाजाराला सांगून ठेवलं होतंस की शनिवारी दुपारनंतर माझी पाटी दुसरीनं सांभाळायची, मी लेकीच्या सासरच्यांबरोबर हाटेलात जेवाला चाललोय. त्या दिवशी तू दोनदा आंघोळ केलीस. हाताला लिंबू चोळलंस, मग शिकेकाई, मग पुन्हा लिंबू. निळं लुगडं, अबोलीची वेणी. तिन्हीसांजेला पोर बाहेर न्यायची म्हणून तिच्या तळपायाला काजळाची तीट लावलीस. गालावर लावली तर माझ्या सासूला गावंढळ वाटेल, असं तूच म्हणालीस. म्हणजे तू त्या संध्याकाळचा किती विचार करून आली होतीस, बघ.

टेबलाशी आम्ही सहा जण, पोर धरून. वेटर सासऱ्यांना सांगत होता, "साहेब, पापलेट एकदम फ्रेश आहे." तू म्हणालीस, "आन बगू." त्याला आधी कळलंच नाही. "आन रं बाबा, कच्ची आन. बगाला काय जाताय?" तो पोरगेला माणूस हसत आत गेला आणि खरंच एका ताटलीत पापलेट घेऊन आला. तू ताटली पुढ्यात ओढलीस. बोटानं कल्ला उचललास, अंगठ्यानं पोट दाबलंस, वास घेतलास. "कल्लं बग हिचं. लाल पायजे. ही तर मातीसारखी हाय. चार दिस बर्फात झोपलीय ही." तू हळू बोलत होतीस असं तुला वाटत होतं. पण तुझं हळू बोलणं म्हणजे बाजारात तिसऱ्या ओट्यापर्यंत पोचणारं. शेजारच्या टेबलावरचा एक गृहस्थ वळून म्हणाला, "मावशी, आमचा पण बघता का?" आणि तू उठून त्याच्या ताटात वाकून बघितलंस. "तुमची बरी हाय. खावा बिनघोर." सगळे हसले. माझ्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, तुझ्या हाताच्या वासामुळे. माझे कान इतके तापले होते की वेटर काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

पोर माझ्या मांडीवर झोपली होती, आये. एक मूठ उघडी, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा वाळलेला थेंब. आणि मी तुला म्हटलं, "आये, पोर चुळबुळ करतेय गो. जरा बाहेर फिरवून आनतेस?" तू तिच्याकडे बघितलंस. मग माझ्याकडे. फार वेळ नाही, मासा पारखायला लागतो तेवढाच. हात रुमालाला पुसलेस आणि म्हणालीस, "दे." दाराशी पोचेपर्यंत तू तिला खांद्यावर घेऊन थोपटायलाही लागली होतीस, खरंच रडत असल्यासारखी.

काचेतून तू दिसत होतीस. कुंड्यांपासून पानवाल्यापर्यंत, पानवाल्यापासून कुंड्यांपर्यंत. एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर. आत सूप आलं, भात आला, कोंबडी आली. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "अगं, विहीणबाईंना बोलव की आता. गार होतंय." दोन्ही वेळा मी म्हटलं, "पोर झोपल्याशिवाय ती नाही यायची." सासरे कुणाचा तरी निरोपसमारंभ सांगत होते आणि मी मोठमोठ्यानं हसत होते. आणि मी हट्टानं ते पापलेटच मागवलं. तू सांगितलं होतंस तसंच निघालं, मऊ पडलेलं, काट्यापाशी उग्र. मी सगळं खाल्लं आणि म्हटलं, छान आहे. पोर झाल्यापासून सात महिन्यांत पहिल्यांदा मी दोन्ही हात मोकळे ठेवून जेवत होते, हेही खरं. तुला घालवलं ते त्यासाठी नव्हतं, पण तेही मला मिळालं, आणि मला ते नकोसं झालं नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा तू विचारलंस, "जेवलीस पोटभर?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी बांधून घेतलंय." तू म्हणालीस, "नको गो. घरी भाकर हाय, सुकट हाय." पोर अजून झोपलेलीच होती. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, "बघा, आजीच्या खांद्यावर कशी निजली." तू म्हणालीस, "आत्ता निजली. मगाधरनं काय रडली ही."

हे तू त्यांच्यासमोर, माझ्यासमोर, सहज बोलून गेलीस. मला वाटलं, चला, निभावलं. पण पुढच्याच आठवड्यात मी पोरीला घेऊन बाजारात आले तेव्हा कळलं की ते तेवढ्यावर थांबलेलं नाही. तुझ्या आजूबाजूच्या बायका वाटच बघत होत्या म्हणे. हाटेलात काय काय खाल्लंस, कसं होतं, आमच्यासारखं कालवण करतात का. आठ दिवस सांगत होतीस ना तू. त्यांना काहीतरी उत्तर देणं भाग होतं, आणि तू ते देऊन ठेवलं होतंस. माझ्यादेखत पुन्हा एकदा सांगितलंस, हातातला मासा साफ करत, माझ्याकडे न बघता. "काय सांगू तुमाला. जेवाला बसलो नि हिनं जी सुरुवात केली. मना एक घास खाऊ दिला नाय. वेटर बाहेर येऊन म्हनतंय, मावशी, पोरीला दूध गरम करून देऊ का." एकीनं मला विचारलं, "काय गो, खरंच एवढी रडली?" आणि मी म्हटलं, "हो ना. ऐकतच नव्हती." त्यावर तू मान वर केलीस आणि मला म्हणालीस, "उनात नको उभी राहू पोरीला घेऊन. जा घरी." बस. त्यानंतर तू माझ्याशी त्या संध्याकाळबद्दल एक अक्षर बोलली नाहीस, आणि इतरांशी मात्र बोलतच राहिलीस. गोष्ट दर वर्षी वाढत गेली. वेटरच्या जागी मालक आला, मग मालकाची बायको. नात चालायला लागली, शाळेत जायला लागली, आणि तुझ्या शेजारी पाटावर बसून तुझ्याच तोंडून स्वतःची गोष्ट ऐकायला लागली. "ही बगा ती. हिनं मना हाटेलातून उपाशी परत आनला." ती लाजून तुझ्या पाठीत तोंड लपवायची. मला तेव्हा ते गोड वाटायचं.

सासूबाईंचं एक सांगते, तुला माहीत नसेल. तू गेल्यावर तीनेक वर्षांनी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "तुझ्या आईनं त्या वेटरची काय खोड मोडली. मला इतकं हसू आलेलं, पदरात तोंड घालून हसत होते. मनात म्हटलं, ही बाई आपल्याबरोबर बाजाराला आली पाहिजे." मला तोपर्यंत निदान इतकं तरी वाटत होतं की मी तुला बाहेर पाठवलं ते त्यांच्यासाठी. त्यांना नको होतं. कुणालाच नको होतं. सबंध टेबलावर ते माझ्या एकटीलाच हवं होतं.

तर शनिवारी मीच सीवूड्सला गेले आणि म्हटलं, आज मी पोळ्या लाटणार नाही, आज आपण बाहेर जेवायचं, तेही लवकर, गर्दीच्या आधी. लेक नाही नाही म्हणत होती. जावई म्हणाला, "आई, तुम्ही हिला बाहेर काढलंत तर मी तुम्हाला दोन आइस्क्रीम देईन." शेवटी निघालो. पिशवीत तीन दुपटी, दोन झबली, उकळलेलं पाणी, खुळखुळा, आणि तिच्या चेहऱ्यावर परीक्षेला निघाल्यासारखा भाव. हॉटेलात बाळासाठी उंच खुर्ची मिळाली. पहिली वीस मिनिटं झकास गेली. बाळानं चमचा आपटला, पापड कुस्करला, दिव्यांकडे बघून कुणाशी तरी बोलल्यासारखे आवाज काढले. लेक माझ्याकडे बघून थोडीशी हसली. मग जेवण आलं, वाफा निघाल्या, आणि बाळानं तोंड वाकडं केलं आणि जे सुरू केलं ते काय सांगू. आये, खरं रडणं. तू बाजारात ज्याचं वर्णन करायचीस ना, अगदी तसं. माना वळल्या. माझ्या लेकीचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "बघ. सांगितलं होतं मी."

मी तोवर उठून उभी होते. खुर्ची मागे सरकवलेली, हात पुढे केलेले. "दे इकडे. मी बाहेर फिरवते, तुम्ही जेवून घ्या." तिनं माझं मनगट धरलं. "बस, आई."

"अगं, मला भूक नाहीये फारशी."

"बस म्हणते ना. आजीला उपाशी ठेवलं तेवढं पुरे झालं माझ्यानं. आता तुला नाही ठेवणार. आपण पार्सल घेऊ आणि घरी जाऊ. माझंच चुकलं, मी यायलाच नको होतं." तिचे डोळे भरले होते. जावयानं बाळ उचलून खांद्यावर टाकलं होतं आणि तो टेबल आणि खांब यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होता. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "दात येतायत का हो?" तो म्हणाला, "दात आलेत, आता ते दाखवतेय." लेक पिशवी भरायला लागली. आज ही घरी गेली तर पुन्हा वर्षभर बाहेर पडणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी बसले आणि म्हटलं, "तू रडली नव्हतीस."

"काय?"

"त्या दिवशी. आजीच्या वेळी. तू झोपलेली होतीस. सबंध वेळ."

तिच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. "झोपलेली होते?"

"हो. आपल्या गावठाणात तुझ्याइतकं शांत पोर नव्हतं. तू हसायचीस आणि झोपायचीस."

ती हळूहळू परत खुर्चीत टेकली. बाळ रडतच होतं. आणि मग तिनं विचारलं, जे कुणीही विचारलं असतं. "मग आजी बाहेर का गेली?"

आये, मी तिथवर आले होते. आणखी एक वाक्य बोलायचं होतं फक्त. माझ्यासमोर वाफाळणारा भात होता, जावई खांबापाशी वळत होता, लेक माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी म्हटलं, "तिला आतला एसी सोसेना. गारठायची ती."

"मग मी रडले असं का सांगत फिरली सगळ्यांना?"

मी हसले. म्हटलं, "तुझ्या आजीला गोष्टी रंगवायची सवयच होती."

तेव्हा ती हसली. गेल्या सात महिन्यांत अशी हसलेली मी तिला बघितली नव्हती, डोळ्यांतलं पाणी गालावर येईपर्यंत. "म्हणजे पंचवीस वर्षं आजीनं मला फुकट बदनाम केलं?" तिनं नवऱ्याकडून बाळ घेतलं, एका खांद्यावर टाकलं, आणि त्याच्या कानात म्हणाली, "ऐकलंस का? तुझी पणजी एक नंबरची थापाडी होती." मग रडणारं बाळ खांद्यावर घेऊन एका हातानं ती जेवली. "रडू दे," म्हणाली, "दमेल पाच मिनिटांत." पाचाची पंधरा झाली. कुणी काही म्हणालं नाही. तिनं ताट पुसून खाल्लं. मीही जेवले म्हणायचं, ताटात काय होतं ते आठवत नाही.

रविवारी ते पुन्हा बाहेर पडले, बागेत. मंगळवारी ती एकटी बाळाला घेऊन भाजी घ्यायला गेली. फोनवर आवाज मोकळा झालाय तिचा. आणि ती ही गोष्ट सगळ्यांना सांगतेय. तिच्या सासूला सांगितली, मैत्रिणींना सांगितली, काल मला म्हणाली की ऑफिसच्या ग्रुपवर पण टाकली: आमची आजी, मच्छी विकायची, काय भन्नाट थापा मारायची. प्रेमानं सांगते. तुझ्यावर तिचा जीव होता, अजून आहे. पण मी तुला एकदा काचेबाहेर ठेवलं होतं, आणि तू ते झाकलंस. आणि आता त्या झाकण्यावरून तुलाच मी खोटारडी ठरवून आले. काल फोनवर मी "हो ना" म्हटलं. बाजारात म्हटलं होतं तसंच.

तुझी मला लाज वाटली होती. त्या मासळीची नाही, तुझ्या हाताची नाही, तू परक्या माणसाच्या ताटात वाकून बघितलंस त्याचीही नाही. तू इतकी सुखात होतीस ना तिथे, त्याची. मी त्या घरात दोन वर्षं अंग चोरून वावरत होते, आणि तू आल्या आल्या ते टेबल तुझ्या ओट्यासारखं करून टाकलंस. हे मी आज पहिल्यांदाच लिहिलं. लिहून झाल्यावर फार काही हलकं वाटलं नाही.

तू असतीस तर हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं असतं का, याचा मी विचार करतेय. तुला वाचता येत नव्हतं. घरी कुठलाही कागद आला, लग्नाची पत्रिका असो की लाइटबिल, तू तो पदरात ठेवायचीस आणि नात शाळेतून आली की तिच्यापुढे धरायचीस. "वाच गो बाय, काय लिवलाय." माझ्या हातचा कागद तू माझ्याकडून कधी वाचून घेतला नाहीस, मी घाईत वाचते म्हणायचीस. म्हणजे हेही तिनंच वाचलं असतं, तुझ्याजवळ पाटावर बसून, एकेक अक्षर लावत, पहिल्या ओळीपासून. आणि माझं खरं असं आहे आये, की तुझ्या नावानं लिहायला बसले ते तुला सांगायचं होतं म्हणून नाही. तुला सगळं ठाऊकच आहे, तुला सांगायला काही लागत नाही. जिला सांगायला हवं ती इथून अर्ध्या तासावर राहते. तिचा फोन मघापासून दोनदा येऊन गेला. मी तुला लिहीत होते, म्हणून घेतला नाही.